भीमबेटकाच्या खडकावरचा ‘जीवाश्म’ : एका दाव्याचं प्रकरण

मध्य प्रदेशातल्या भीमबेटका इथल्या एका वालुकाश्माच्या गुहेत ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा ठसा सापडल्याची बातमी २०२१ मध्ये जगभर गाजली. दोन वर्षांनी कळलं की तो ठसा मधमाशांच्या पोळ्याचा होता. बातमी म्हणून ती तेवढ्यावर संपली. पण संरक्षित खडकाचा अभ्यास कसा करावा, दावा कधी करावा आणि तो मागे कसा घ्यावा, हे शिकण्यासाठी इतकं स्वच्छ प्रकरण क्वचित हाती लागतं. दोन्ही बाजूंच्या संशोधकांची नावं इथे मुद्दाम घेतलेली नाहीत. त्यांच्या जागी दुसरं कोणीही असतं तरी निर्णयाच्या जागा त्याच राहिल्या असत्या.

पार्श्वभूमी

भोपाळपासून साधारण ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात, विंध्य पर्वताच्या कडेला भीमबेटका आहे. इथले शैलाश्रय, म्हणजे खडकांखालचे चित्रं असलेले निवारे, अभ्यासकांच्या नजरेत आणले ते विष्णू श्रीधर वाकणकर यांनी. नीमचमध्ये जन्मलेले आणि उज्जैनला आयुष्य घालवलेले हे मराठी संशोधक. १९५७ साली रेल्वेने जात असताना त्यांना खिडकीतून हे खडकांचे सुळके दिसले, आणि मग ते तिथे पायी जाऊन पोहोचले. पुढे ७० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र यांनी इथे उत्खनन केलं. २००३ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. भीमबेटका आणि आसपासच्या टेकड्या मिळून सातशेहून अधिक शैलाश्रयांची नोंद आहे.

या सगळ्याच्या मध्यभागी आहे ती ऑडिटोरियम गुहा. चारी दिशांना फुटलेल्या वाटा, वर उंच कमानी, आणि पूर्वेकडच्या वाटेच्या टोकाशी उभा असलेला एक भला थोरला धोंडा. त्याची एक बाजू जवळजवळ उभी, सपाट आहे. लांबून, कुठूनही नजरेत भरते. पुरातत्त्वाच्या लिखाणात त्याला ‘राजाचा खडक’ किंवा ‘मुखियाचा खडक’ म्हणतात, पण तिथे कोणी राजा बसत असे किंवा काही विधी होत असत याला पुरावा नाही. पुरावा आहे तो माणसाच्या हाताचा. त्या खडकावर दगडाने ठोकून ठोकून केलेले वाटीसारखे खळगे आहेत. त्यांचं वय काही लाख वर्षं मागे नेणारी मतं मांडली गेली आहेत आणि त्यावर वादही आहेत. चित्रांच्या मानाने हे खळगे कोणाच्या लक्षात येत नाहीत, आणि मला ते या जागेवरचं सगळ्यात मोलाचं धन वाटतं.

आता खडकाकडे येऊ. महाराष्ट्रातल्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांना सवय आहे ती काळ्या बेसाल्टची. तो ज्वालामुखीतून आलेला, साधारण ६.६ कोटी वर्षांचा. त्यात जीवाश्म शोधायचे तर लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळ साचलेल्या जागा धुंडाळाव्या लागतात. भीमबेटकाचा वालुकाश्म वेगळ्याच कुळातला. उथळ पाण्याच्या तळाशी वाळू साचली, दाबली गेली, कणांच्या फटीत सिलिका बसून ती घट्ट झाली. भिंगातून पाहिलं तर गारगोटीचे कण एकमेकांत रुतलेले दिसतात, आणि फुटलेल्या ताज्या कडेवर साखरेसारखी चमक येते. काही थरांवर पाण्याच्या लाटांनी उठवलेल्या वळ्या अजून तशाच आहेत. पुढे उभ्या भेगांमधून पाणी आणि वारा शिरले, मऊ भाग झिजला, कठीण भाग सुळक्यांसारखे उरले आणि खाली छज्जे तयार झाले. माणूस या छज्ज्यांखाली राहिला. मधमाशाही राहिल्या.

या वालुकाश्माचं वय किती, हा भारतीय भूविज्ञानातला जुना, चिवट वाद आहे, आणि पुढचं सगळं प्रकरण त्याच्या पोटात घडतं. भीमबेटकाचा खडक विंध्यन खडकसमूहाच्या अगदी वरच्या, भांडेर गटात मोडतो. वालुकाश्माचं वय थेट मोजता येत नाही. त्यातले झिरकॉन या खनिजाचे कण काढून युरेनियम-शिसे पद्धतीने मोजले तर ते कण कधी जन्मले एवढंच कळतं. सर्वात तरुण कणापेक्षा खडक जुना असू शकत नाही, पण तरुण कितीही असू शकतो. वरच्या विंध्यनमधले सर्वात तरुण कण १०० कोटी वर्षांच्या आसपासचे निघाले. त्याला जोड मिळाली खडकातल्या चुंबकीय दिशेची, म्हणजे खडक घडताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जी दिशा त्यात टिकून राहते तिची. पन्नाजवळ मझगवाँला हिऱ्यांची खाण आहे. तिथला हिरे घेऊन वर आलेला ज्वालामुखी खडक साधारण १०७ कोटी वर्षांचा आहे. त्याची चुंबकीय दिशा आणि वरच्या विंध्यनची दिशा जुळते. म्हणून एका गटाचं म्हणणं की भांडेर थर १०० कोटी वर्षांच्या आसपासचे. दुसऱ्या गटाचं म्हणणं की ते ५५ कोटींपर्यंत तरुण असावेत. दोन्ही मतांमध्ये जवळपास ४५ कोटी वर्षांची दरी आहे.

समस्या

२०२० च्या सुरुवातीला दिल्लीत आंतरराष्ट्रीय भूविज्ञान परिषद भरणार होती. कोविडमुळे ती ठरल्याप्रमाणे झाली नाही, पण त्यानिमित्त आलेल्या परदेशी आणि भारतीय भूवैज्ञानिकांचा एक गट भीमबेटका पाहायला गेला. ऑडिटोरियम गुहेत, जमिनीपासून साधारण ११ फुटांवर, त्यांना एक लांबट पानासारखी आकृती दिसली. मधोमध एक रेघ आणि दोन्ही बाजूंना दाटीवाटीने निघालेल्या फासळ्या. लांबी साधारण १७ इंच.

ज्याने डिकिन्सोनियाची छायाचित्रं पाहिली आहेत, त्याला ती आकृती पाहताच तेच नाव आठवणार. डिकिन्सोनिया हा एडियाकरा काळातला, म्हणजे साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वीचा, मऊ अंगाचा चपटा जीव. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या टेकड्यांत तो प्रथम सापडला आणि १९४७ मध्ये त्याला नाव मिळालं. रशियातल्या श्वेत समुद्राच्या किनाऱ्यावरच्या नमुन्यांत २०१८ मध्ये कोलेस्टेरॉलचे अवशेष सापडले आणि तो प्राणीच होता या मताला मोठं बळ मिळालं. ना हाड, ना कवच. असा जीव वाळूखाली गाडला गेला की उरतो तो फक्त ठसा, बहुतेकदा वरच्या थराच्या खालच्या अंगाला. छज्ज्याचं छत म्हणजे नेमकं थराचं खालचं अंग. त्यामुळे जागाही बरोबर वाटत होती.

आकृती खरोखर डिकिन्सोनियाची असती तर एका फटक्यात दोन गोष्टी झाल्या असत्या. भारतातला या जीवाचा पहिला पुरावा मिळाला असता, आणि वरच्या विंध्यनच्या वयाचा वाद ५५ कोटींच्या बाजूने निकाली निघाला असता. प्रश्न इतकाच होता : खडक तोडायचा नाही, हात लावायचा नाही, शिडी नाही, आणि आकृती डोक्यापेक्षा कितीतरी वर. मग ओळख पटवायची कशी?

समोरचे पर्याय

बाहेरून पाहता त्या गटापुढे चार वाटा होत्या.

नमुना काढणं ही पहिली, आणि ती बंदच होती. जागा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. एका आकृतीसाठी तिथला कपचाही उडवू नये, हे बरोबरच आहे. या प्रकरणात कोणी नियमाला दोष दिला तर तो मला मान्य नाही. नियमामुळेच ती आकृती जागेवर राहिली आणि पुढे तपासता आली.

दुसरी वाट परवानगी घेऊन परत येण्याची. पायाड किंवा शिडी, जवळून भिंग, स्पर्श न करता होणारं मोजमाप. टाळेबंदीच्या काळात ती अतिशय अवघड होती. पण अवघड असणं आणि अनावश्यक असणं यांत फरक आहे.

तिसरी वाट संयमी नोंदीची. ‘अशी आकृती दिसली, ती डिकिन्सोनियासारखी आहे, जवळून तपासणी बाकी आहे’ एवढंच छापायचं आणि वयाचा मुद्दा बाजूला ठेवायचा.

चौथी वाट छायाचित्रांवरून ओळख पक्की धरून पूर्ण दावा करण्याची.

काय केलं गेलं

गटाने चौथी वाट धरली. २०२० च्या अखेरीस ‘गोंडवाना रिसर्च’ या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर लेख आला. आकृतीला प्रजातीपर्यंतचं नाव दिलेलं होतं, ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांशी तुलना होती, आणि त्यावरून खडकाचं वय व त्या काळातल्या खंडांची मांडणी इथपर्यंत निष्कर्ष नेलेले होते. २०२१ च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रांनी तो उचलला. काही आठवड्यांत स्पर्धा परीक्षांच्या चालू घडामोडींच्या टिपणांत ‘भारतातील पहिला डिकिन्सोनिया : भीमबेटका’ हे वाक्य जाऊन बसलं.

या टप्प्यावर थांबून पाहण्यासारखं बरंच आहे. लेख समीक्षकांच्या हाताखालून गेला होता. पण समीक्षकासमोरही तीच छायाचित्रं होती. खडकाजवळ नव्याने कोणी गेलंच नव्हतं. त्यामुळे तपासणी झाली ती युक्तिवादाची, वस्तूची नाही. शिवाय आकृतीची बाह्यरेषा हा एकमेव आधार होता. ती थराच्या आत आहे की वर चिकटलेली, तिच्या कडेला वाळूचे कण अखंड जातात की तुटतात, गुहेत इतरत्र तशा आकृती आहेत का आणि त्या कशाच्या आहेत, हे प्रश्न दूरवरून टिपलेल्या छायाचित्रांत सुटत नाहीत. दाव्याचं वजन मात्र एका आकृतीवर अख्ख्या विंध्यनच्या वयाचं टाकलं गेलं.

विंध्यनच्या बाबतीत सावध राहायला आणखी एक कारण होतं. १९९८ मध्ये याच खडकसमूहाच्या खालच्या भागात, चोरहाट वालुकाश्मात, किड्यांच्या बिळांसारख्या खुणा सापडल्याचं ‘सायन्स’मध्ये छापून आलं. प्राण्यांचा इतिहास १०० कोटी वर्षांच्याही मागे जातो असा त्याचा अर्थ होता. त्याच वर्षी रोहतास चुनखडीतून बारीक कवचांचे जीवाश्म मिळाल्याचा दावा झाला आणि त्यावरून तेच थर ५४ कोटींच्या आसपासचे ठरवले गेले. एकाच खालच्या विंध्यनबद्दल एका वर्षात दोन टोकं. २००२ मध्ये थरांमधल्या ज्वालामुखी राखेतले झिरकॉन मोजले गेले आणि वय निघालं सुमारे १६० कोटी. पुढे एका गटाने खालच्या विंध्यनच्या थरांत जाऊन पुन्हा नमुने घेतले, आणि २००९ मध्ये दाखवलं की त्यातले जीवाश्म खरे आहेत, फक्त ते १६० कोटी वर्षांपूर्वीच्या शैवालासारख्या जीवांचे आहेत. जागेवर परत जाण्याने एक दावा पडला आणि त्याहून मोलाची गोष्ट हाती आली. हा धडा २०२० मध्ये सर्वांच्या समोर होता.

दुसरा गट डिसेंबर २०२२ मध्ये भीमबेटकाला पोहोचला. त्याच्या प्रमुखाने वरच्या विंध्यनवर बरीच वर्षं काम केलं होतं आणि हे थर जुने आहेत या मताच्या बाजूने तो आधीपासून उभा होता. म्हणजे तो तटस्थ पंच नव्हता. म्हणूनच त्यांनी जे केलं त्याची पद्धत महत्त्वाची ठरते. त्यांनी वयाचा वाद उकरला नाही. ते सरळ आकृतीसमोर जाऊन उभे राहिले आणि जुनी छायाचित्रं शेजारी धरली.

आकृती बदललेली होती. तीन वर्षांपेक्षा कमी काळात ती झिजून, खडकापासून सुटून निघू लागली होती. ५५ कोटी वर्षं वालुकाश्मात टिकलेला ठसा दोन-तीन पावसाळ्यांत असा सोलवटत नाही. जवळून घेतलेल्या छायाचित्रांत षटकोनी कप्प्यांची जाळी ओळखू येत होती. आणि त्याच गुहेत नांदती व सोडून दिलेली पोळी होती.

हे आग्या मोहोळ. आग्यामाशा उंच झाडावर, कड्यावर, खडकाच्या छज्ज्याखाली एकच मोठं, उघडं पोळं बांधतात. हंगाम सरला की झुंड निघून जाते, पुढे बहुधा त्याच जागी परत येते, आणि मधल्या काळात रिकामं पोळं वाळून गळतं. पोळ्याच्या मधोमध मेणाचा पातळ पडदा असतो आणि दोन्ही अंगांना कप्प्यांच्या रांगा. पोळं गळून पडलं आणि त्याचा काही भाग दगडाला चिकटून राहिला तर मधली रेघ आणि दोन्ही बाजूंच्या फासळ्या अशीच आकृती खालून दिसू शकते.

निष्पत्ती

२०२३ च्या सुरुवातीला दुसऱ्या गटाचा लेख त्याच नियतकालिकात आला. लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनीही स्वतंत्र तपासणी करून तोच निष्कर्ष ‘जर्नल ऑफ द जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया’मध्ये मांडला : जीवाश्म नाही, गळून पडलेल्या पोळ्याची खूण आहे.

पहिल्या गटाच्या प्रमुखाने नवा पुरावा पाहून चूक जाहीरपणे मान्य केली. आढेवेढे नाहीत, शब्दांचे खेळ नाहीत. स्वतःच्या गाजलेल्या शोधाबद्दल असं करणं किती अवघड आहे हे संशोधनाच्या जगात वावरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. या प्रकरणातला मला सर्वात जास्त आदर वाटणारा निर्णय तो आहे.

वयाचा वाद मात्र जिथे होता तिथेच परतला. पोळं पोळं ठरल्याने भांडेर थर १०० कोटींचे आहेत हे सिद्ध होत नाही. ५५ कोटींच्या बाजूचा एक पुरावा गळला, इतकंच. हे अनेक बातम्यांमध्ये नीट आलं नाही.

आणि दुरुस्ती बातमीइतकी दूर पोहोचली नाही. परीक्षेच्या टिपणांत, जुन्या व्हिडिओंत ते वाक्य अजूनही भेटतं. विद्यार्थी ते पाठ करतात. नियतकालिकाने आपलं काम केलं. पण ज्यांनी ती माहिती पुढे वाहून नेली त्यांच्यापैकी फार थोडे मागे वळून आले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, आजूबाजूला पाहणं. एका आकृतीकडे टक लावण्याआधी त्याच छतावरच्या बाकीच्या खुणांची यादी केली असती, तर ताजं पोळं, अर्धं गळलेलं पोळं आणि नुसता डाग अशी साखळी समोर आली असती. वादातली आकृती त्या साखळीतलं एक कडं म्हणून ओळखू आली असती. जीवाश्म शोधणाऱ्याला जीवाश्मांची छायाचित्रं पाठ असतात. जिवंत माशांच्या पोळ्याचे अवशेष त्याला पाठ असतीलच असं नाही.

म्हणून दुसरी गोष्ट, योग्य माणसाला विचारणं. गुहेचे पहारेकरी रोज त्या छताखाली उभे राहतात. मध काढणाऱ्या माणसाला रिकाम्या पोळ्याची खूण ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. मध्य भारतातल्या शैलचित्रांमध्ये, पचमढीच्या आश्रयांत विशेषतः, माणसं शिडीवर चढून पोळ्यातला मध काढतानाची चित्रं आहेत. या खडकांशी माणसाचं आणि माशीचं नातं किती जुनं आहे हे खडकावरच रंगवलेलं आहे. लेखाच्या समीक्षकांत एक कीटकशास्त्रज्ञ असता तरी काम भागलं असतं, पण लेख जीवाश्माचा असल्यावर तो कोणाला सुचणार?

तिसरी गोष्ट कालांतराची. जी वस्तू तोडून पाहता येत नाही तिची एक तपासणी मात्र फुकट आणि निर्धोक आहे : दुसऱ्या ऋतूत परत येऊन तोच कोन साधून छायाचित्र घेणं. टाळेबंदीत परदेशातून येणं शक्य नव्हतं, पण गटात भारतीय सहकारी होते आणि भोपाळ काही दूर नव्हतं. लेख वर्षभर थांबवला असता तर कदाचित सोलवटण्याची सुरुवात त्यांनाच दिसली असती.

चौथी गोष्ट दाव्याच्या मापाची. ‘सदृश’ हा शब्द शीर्षकात असता आणि वयाचा निष्कर्ष टाळला असता, तर पुढची दुरुस्ती एका परिच्छेदात आटोपली असती. समीक्षकांनीही इथे हात आखडायला हवा होता. एकच नमुना, तोही न हाताळलेला, आणि त्यावरून खंडांची मांडणी, यावर ‘जवळून तपासलेला पुरावा आणा’ एवढी अट पुरेशी होती.

व्यवस्थापनाच्या बाजूनेही एक काम करण्यासारखं आहे. ऑडिटोरियम गुहा, राजाचा खडक आणि चित्रांचे मुख्य आश्रय यांची ठरावीक जागांवरून, ठरावीक मापपट्टीसह, दर ऋतूत छायाचित्रं घेऊन ती अभ्यासकांना खुली ठेवावीत. पोळी, बुरशी, पाण्याचे ओघळ, मिठाचे फुलोरे, पर्यटकांचे ओरखडे, सगळं त्यात टिपलं जाईल. चित्रांच्या जतनासाठी ती नोंद लागणारच आहे. पुढच्या वेळी कोणाला छतावर काही विलक्षण दिसलं, तर ते गेल्या वर्षी तिथे होतं का, हे अर्ध्या तासात पाहता येईल. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधम इथे आपल्याकडेही वालुकाश्म आणि जीवाश्मांचं राज्य आहे, आणि तिथेही हीच पद्धत लावता येईल. भीमबेटकाला जाणाऱ्या शिक्षकांनी गाईडला डिकिन्सोनियाबद्दल जरूर विचारावं, आणि उत्तरात मधमाशा आल्या नाहीत तर त्या आणून द्याव्यात.